फाट्यावरचा निबंध

आमच्या शाळेसमोर कारंजं आहे. दुमजली इमारत आहे, भव्य पटांगण आहे, फुलांचे ताटवे आहेत आणि ताटव्यांच्या मधोमध ते कारंजं थुईथुई नाचत असतं. हे मला नववीच्या मुलांनी लिहून दिलेलं. ‘माझी शाळा’ या विषयावर सगळ्या वर्गाने निबंध लिहिला आणि सगळ्या वर्गाने एकमताने शाळेला कारंजं बांधून दिलं. खरी शाळा म्हणजे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आणि एक हापसा, आणि थंडी सरली की त्या हापशालाही पाणी नाही. मी एका मुलाला उभं केलं आणि विचारलं, “कुठंय रे कारंजं?” तो अजिबात घाबरला नाही. उलट माझीच कीव करत म्हणाला, “मॅडम, गाइडात हाये.”

मी मराठीची शिक्षिका. जालन्याहून अप-डाउन करते. वाटूरला एस.टी.तून उतरायचं आणि पुढे मिळेल त्या जीपमध्ये मिळेल तेवढ्या जागेत बसायचं. सगळी नोकरी अशीच गेली. व्याकरण शिकवताना मला कधी अडचण आली नाही. व्याकरणाला उत्तर असतं. समास सोडवला की सुटतो, प्रयोग ओळखला की मार्क पडतो, आणि नियम पाठ करता येत असल्यामुळे मुलंही त्यात मागे नसतात. नाकी नऊ येतात ते वर्णनाला. ‘तुम्ही पाहिलेल्या एखाद्या ठिकाणाचे वर्णन करा’ म्हटलं की मुलं डोळे मिटतात आणि गाइड आठवायला लागतात. इकडे दुधना नदीत वाळू उडत असते, पण वहीत ती झुळझुळ वाहते. काठाला हिरवीगार वनराई, वनराईत कोकिळेचं कूजन. घरामागे कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या आहेत, ओसरीत सोयाबीनची पोती आहेत, फवारणीचा वास अजून बापाच्या शर्टाला आहे, यातलं एक अक्षर कधी कुणाच्या निबंधात आलं नाही. ही लिहायची गोष्ट आहे असंच कुणाला वाटत नाही.

पुढच्या वर्षी तीच मुलं दहावीला आली आणि माझं डोकं फिरलं. मी वर्गावर विशेषणबंदी लावली. सुंदर, रम्य, भव्य, विलोभनीय हे सगळे शब्द चपलांबरोबर वर्गाबाहेर काढून ठेवायचे, असा हुकूम काढला. रोज तासाच्या सुरुवातीला एकाने खिडकीपाशी उभं राहायचं आणि बाहेर काय दिसतं ते सांगायचं. विशेषण वापरलं की खाली बसायचं. वाटलं होतं त्याहून हे अवघड निघालं. मुलं खिडकीशी उभी राहत आणि म्हणत, “झाड.” कोणतं झाड? “लिंबाचं.” कडुलिंबाखाली काय आहे? “काईच न्हाई.” पुढचा येई. “मैदान.” मैदानात काय आहे? “काईच न्हाई.” एवढा मोठा मुलूख समोर पसरलेला, आणि त्यात काहीच नाही.

मग एक दिवस तिची पाळी आली. ती मागच्या बाजूला, भिंतीकडेला बसायची. व्याकरणात बेताची, ऱ्हस्व-दीर्घाचा तर आनंदच. तोपर्यंत तिचा आवाज मी हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. ती खिडकीशी गेली आणि म्हणाली, “लिंबाखाली शिपाईमामाची सायकल हाये. मागच्या चाकात हवा न्हाई. मामा तिला रोज पुसून ठेवतेत, पण हवा काई भरत न्हाईत.”

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. तो शिपाई पुढच्या महिन्यात रिटायर होणार होता, गुडघ्यांनी गेला होता, सायकल चालवणं त्याचं कधीच बंद झालेलं. हे मला माहीत होतं. तिला नव्हतं. तिने नुसतं बघितलं होतं, आणि बघण्यातून ते सगळं तिच्या वाक्यात आलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की आपण जे शिकवतो ते कुणाला तरी पोचलं.

त्यानंतर ती मधल्या सुट्टीत माझ्याकडे येऊ लागली. डब्यातली भाकरी अर्ध्यावर ठेवून ती सांगायची, आज काय बघितलं. मी तिची वाक्यं मोडायची, पुन्हा जोडायची, क्रियापद कुठे ठेवलं तर वाक्य चालायला लागतं ते दाखवायची. व्याकरण इतकं उपयोगाचं असतं हे मलाही तेव्हाच कळलं म्हणा ना. तिला शिक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी अकरावीला जालन्याला जायचं होतं, मुलींच्या होस्टेलात राहायचं होतं. घर चांगलं खातंपितं. शेत, विहीर, दोन म्हशी, दारात ट्रॅक्टर. अडचण पैशाची नव्हतीच. तिच्या थोरल्या बहिणीला दहावीनंतर घरी बसवलं होतं आणि मग लग्न करून दिलं होतं, अडचण ती होती. हिच्या बाबतीत वडील एवढंच म्हणाले होते, “दहावी होऊ दे, मंग बघू.” त्या ‘बघू’वर ती दिवस काढत होती, आणि तिच्याबरोबर मीही.

जिल्ह्यातल्या एका वाचनालयाने शाळांसाठी निबंधस्पर्धा ठेवली. विषय होता ‘माझ्या परिसरातील एक ठिकाण’. बाकीच्यांनी नदी घेतली, देऊळ घेतलं, किल्ला घेतला. आमच्या आसपास किल्ला नाही, पण गाइडात आहे. तिने फाटा घेतला. तिची वस्ती गावापासून आत शेतात होती. तिथून चालत ती फाट्यावर यायची आणि मुलींसाठी असलेल्या निळ्या बसची वाट पाहायची. ही बस कधी वेळेवर आल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे फाटा बघायला तिला भरपूर वेळ मिळालेला होता.

तिने लिहिलं होतं: ‘फाट्यावर दोन चहाच्या टपऱ्या, एक पंक्चरचे दुकान आणि एक कॅरम आहे. आम्ही चौघी तिथे बसची वाट पाहतो. आम्ही आलो की कॅरमचा आवाज थांबतो. बसमध्ये चढलो की पुन्हा सुरू होतो. एक जण मोटारसायकलच्या आरशात भांग पाडतो. आरसा आमच्या बाजूला वळवलेला असतो. चहावाले मामा तेव्हा खाली बघून कप धुतात. धुतलेले कपही धुतात. एक काका रोज जालन्याला जायचे म्हणून येतात. जालन्याची गाडी येते आणि जाते. काका आमची बस जाईपर्यंत थांबतात. आम्ही चौघी एका रांगेत उभ्या राहतो. कडेला कोणी उभे राहायचे याची आम्ही पाळी लावली आहे.’

पुढेही होतं, पण मला हेच पाठ आहे. मी फक्त शुद्धलेखन सुधारलं. सगळ्या निबंधात कुठेही भीती वाटते, राग येतो, असं काही नव्हतं. बंदी घातलेलं एक विशेषण नव्हतं. मी स्टाफरूममध्ये तो कागद हातात घेऊन बसले होते आणि माझ्या डोळ्यांपुढे माझीच शाळेला जायची वर्षं उभी राहिली. आम्हीही पाळी लावायचो. मला ते लिहायचं कधी सुचलं नाही.

तिचा जिल्ह्यात पहिला नंबर आला. बक्षीस समारंभाला वडील आले होते, पांढराशुभ्र शर्ट, टोपी, पायात नवी चप्पल. पाहुण्यांनी वाचनसंस्कृतीवर लांबलचक भाषणं केली. बक्षीसपात्र निबंध वाचून दाखवावा असं कुणाला वाटलं नाही. वडिलांनीही तो वाचलेला नव्हता. पण त्यांना झालेला आनंद खरा होता. बाहेर आल्यावर त्यांनी मला रसवंतीवर नेऊन उसाचा रस पाजला आणि म्हणाले, “मॅडम, पोरीनं नाव काढलं आमचं. आता जालन्याचं बघावंच लागंल.” ती मागे उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. आनंदाने माणसाचा चेहरा असा होतो हे मी विसरून गेले होते.

इथे ही गोष्ट थांबली असती तर बरं झालं असतं. पण आमच्याकडे कौतुक म्हणजे फ्लेक्स. वाढदिवसाला फ्लेक्स, निवडीला फ्लेक्स, दहाव्याला फ्लेक्स. पोरगा पोलीस भरतीत धावला तरी फ्लेक्स. फ्लेक्सवर झळकल्याशिवाय इथे माणूस जन्मलाही असं धरत नाहीत. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना शाळेचा पहिला नंबर कळला आणि त्यांनी परतूरला फ्लेक्सवाल्याला फोन केला. वरच्या ओळीत नेत्यांचे गोल गोल फोटो, डावीकडे अध्यक्षांचा हात जोडलेला भला मोठा फोटो, उजवीकडे तिचा, दहावीच्या फॉर्मसाठी काढलेला. मधे ‘हार्दिक अभिनंदन! तालुक्याची शान, शाळेचा अभिमान, ज्ञानज्योत, शब्दसम्राज्ञी’. वर्षभर मी वर्गातून हाकललेली सगळी विशेषणं तिथे जमली होती. एवढं करूनही खाली जागा उरली. फ्लेक्सवाल्या पोराने विचारलं, सायब, खाली मोकळं दिसून राह्यलंय, काय टाकू? अध्यक्ष म्हणाले, निबंधच टाक की, पोरांना प्रेरणा मिळेल. कारकुनाने कागदाचा फोटो पाठवला. अध्यक्षांनी निबंध वाचला नव्हता, कारकुनाने वाचला नव्हता, टाइप करणाऱ्याने बहुतेक अक्षरांपलीकडे काही वाचलं नसावं. आणि मग तो फ्लेक्स नेऊन लावला कुठे? जिथे जास्तीत जास्त लोक बघतील तिथे. फाट्यावर, चहाच्या टपरीसमोर, कॅरमच्या डोक्यावर.

कुणी वाईट हेतूने केलं असतं तर मला त्याच्याशी भांडता आलं असतं. यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. यामुळेच मला अजून डोकं बडवून घ्यावंसं वाटतं.

सुरुवातीला कुणी तो वाचलाच नाही. फ्लेक्स वाचायचा नसतो, त्यात कुणाकुणाचे फोटो आहेत आणि कुणाचा कापलाय एवढंच बघायचं असतं. मग कुणीतरी चहा पिता पिता कंटाळून खालची बारीक अक्षरं वाचली, मोठ्याने वाचली, आणि टपरीवर हशा झाला. दुपारपर्यंत त्या मजकुराचे फोटो सगळ्या ग्रुपवर. आरशात भांग पाडणारा तो कोण, यावर पैजा लागल्या. दोघातिघांनी तर तो मीच म्हणून छाती काढली. पोरांना त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसलंच नाही. पण जालन्याच्या गाडीची वाट बघणारे काका मात्र कोण हे विचारायची गरज पडली नाही. ते तिच्या वडिलांचे चुलतभाऊ होते. भाऊकीत मोठे, गावातल्या तंट्यांत मधे बसून मिटवणारे, लग्नात अक्षता पडण्याआधी ज्यांना स्टेजवर बोलावतात असे. ते त्या संध्याकाळी तिच्या घरी गेले आणि अंगणातूनच म्हणाले, “तुही पोरगी फाट्यावर बसची वाट पाहती का माणसांची?”

हे मला तिच्या बरोबरच्या तिघींकडून कळलं. ती शाळेत आली नव्हती. दुसऱ्या दिवशीही नाही. तिघींना मी व्हरांड्यात गाठलं तेव्हा त्या माझ्याशी बोलत होत्या पण बघत होत्या जमिनीकडे. “तिला घरी बसिवलं मॅडम,” एक म्हणाली. “आमाला बी सांगितलंय, पंक्चरच्या दुकानामागं उभ्या ऱ्हा म्हणून.” दुकानामागून रस्ता दिसत नाही. त्यांची बस एकदा समोरून निघून गेली.

मी अध्यक्षांकडे गेले आणि फ्लेक्स उतरवा म्हणाले. माझा आवाज चढला होता, हे मला मागाहून इतरांनी सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, कौतुकाचा बोर्ड हाये. उलट उतरवला तर चर्चा व्हईल.” चर्चा होईल! मी त्यांना निबंध वाचला का विचारलं. ते म्हणाले, वाचतो की, टाइम मिळाला का बराबर वाचतो. मी निघून आले. पुढे फ्लेक्सचं काम दुसऱ्याच कुणीतरी केलं. मी सकाळी जीपमधून जाताना बघितलं, ब्लेडने तिचा फोटो चौकोनी कापून नेला होता. नेते तसेच, अध्यक्षांचे जोडलेले हात तसेच, आणि तिच्या जागी भोक, त्यातून पलीकडचा विजेचा खांब दिसत होता. तो फोटो कुणाच्या घरात, कुणाच्या खिशात असेल हा विचार मी आजही पूर्ण करू शकत नाही.

रविवारी मी तिच्या वस्तीवर गेले. वडिलांनी बाजेवर चादर टाकली, पाणी दिलं, चहा टाकायला सांगितलं. माझ्याशी बोलताना त्या माणसाने एकदाही आवाज वाढवला नाही. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

“मॅडम, तुमच्याबद्दल काई म्हणणं न्हाई,” ते म्हणाले. “पोरगी फाट्यावर उभी ऱ्हाते, खाली मान घालून उभी ऱ्हाते, असं आमाला वाटत व्हतं. ती तर समदं बघून राह्यली व्हती.”

“तिने खोटं लिहिलंय का काही?” मी विचारलं.

“खोटं असतं तं बरं झालं असतं. खोट्याची माफी मागता येती. मला म्हाईत न्हाई का ते लोकं कसे हायेत? मी बी तिथंच चहा पेतो. पण म्हाईत असणं येगळं, आन् आपल्या पोरीनं लिहून बोर्डावर लावणं येगळं. उद्या सोयरीक घेऊन कोणी आलं तं फाट्यावरच उतरंल ना? तिथं इचारलं तं काय सांगतेन लोकं?”

मी म्हणाले, बोर्ड तिने लावला नाही. ते म्हणाले, लावणाऱ्याला कोण इचारतं. मराठीत एम.ए. केलेलं, व्याकरणाच्या दोन कार्यशाळा घेतलेल्या, आणि मला एक वाक्य सापडेना.

शेवटी मी गयावया केली. निदान शाळेत येऊ द्या, परीक्षेला बसू द्या म्हणाले. त्यांनी विचार केला आणि होकार दिला, दोन अटींवर. ती बसने येणार नाही, भाऊ मोटारसायकलवर आणून सोडेल आणि घेऊन जाईल. आणि पेपरात मनचं काही लिहिणार नाही. “बोर्डाचा पेपर कुठं कुठं जातो, कोण कोण वाचतं, काय म्हाईत. गाइडातलं लिहू द्या तिला. समदे लिहितेत ना? मंग.” मी भीतभीत जालन्याचं विचारलं. ते म्हणाले, “मार्क पडू द्या चांगले. मंग बघू.”

पुन्हा ते ‘बघू’. मी ते पदरात बांधून घेतलं. दुसरं काय होतं?

परीक्षेपर्यंत मी तिच्याकडून गाइडातले निबंध पाठ करून घेतले. मी स्वतः. ती माझ्या टेबलाशी उभी राहायची, हात मागे बांधून, आणि म्हणायची, निसर्गाच्या कुशीत वसलेले, झुळझुळ वाहणारे, पक्ष्यांचा मंजुळ किलबिलाट. तिला ते फार लवकर पाठ झालं. बुद्धी तीच, आता ती या कामाला लागली होती. कुठे अडखळली की मी शब्द पुरवायची. मधल्या सुट्टीत ती आता बाहेर जात नसे, माझ्याकडेही येत नसे. डबा उघडून बाकावर बसे आणि संपवी. मी चुकीचं शिकवलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. बघायला शिकवणं बरोबरच होतं. बरोबर शिकवून हे झालं, म्हणून तर कुठेच हात टेकायला जागा उरली नाही. चुकले असते तर पुढच्या वर्षी सुधारता आलं असतं.

वर्गात मी खिडकीचा तास चालू ठेवायचा प्रयत्न केला. मुलगे येऊन काहीबाही सांगत. मुलींपैकी एकीला उभं केलं. ती खिडकीशी गेली, पण बाहेर बघेना. खिडकीच्या गजांकडे बघत उभी राहिली. बाहेर काय दिसतं, मी विचारलं. “काई न्हाई मॅडम.” दुसरीला बोलावलं. “काई न्हाई.” तिसरी जागेवरून उठलीच नाही. म्हणाली, “मॅडम, आमच्या मम्मीनं सांगितलंय, निबंध गाइडातलाच द्या म्हणून.” मी खडू खाली ठेवला आणि त्या दिवशी वाक्यप्रकार शिकवले. विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी. मुलींनी भराभर उतरवून घेतलं. त्यानंतर खिडकीचा तास झाला नाही.

पेपर चांगला गेला. निकाल लागला आणि मराठीला शाळेत सगळ्यांत जास्त मार्क तिला होते. एकूणही तीच पहिली. मी तो आकडा मोबाइलवर बघितला आणि मला, या वयात, शाळेच्या व्हरांड्यात उडी मारावीशी वाटली. आता ‘बघू’ म्हणणाऱ्याला बघावंच लागेल. मी जालन्याच्या एका कॉलेजात ओळखीच्या मॅडमना फोनही करून टाकला, होस्टेलची जागा धरून ठेवा म्हणून.

वडील दुसऱ्या दिवशी शाळेत पेढे घेऊन आले. चेहरा खुललेला. सगळ्या स्टाफला आपल्या हाताने पेढे दिले, माझ्यापुढे आले तेव्हा दोन ठेवले. “आता बराबर शिकवलं तुमी मॅडम,” ते म्हणाले. मनापासून म्हणाले. टोमणा नव्हता.

मी जालन्याचा विषय काढला. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि मला समजावून सांगितलं, घरच्या माणसाला सांगावं तसं. स्थळ आलं होतं, परभणीकडचं. बागायत, एकुलता एक, निर्व्यसनी. काकांनीच आणलेलं. ते काका? मी विचारलं. हो, तेच. त्यांनी मोठ्या मनाने मागचं सगळं पोटात घातलं होतं. पोरगी दहावीला पहिली आलेली कळल्यावर पाहुणे जास्तच खूश झाले. “लग्न काई आत्ता न्हाई करत मी,” वडील म्हणाले. “अठरा पुरे झाल्याबिगर बिलकुल न्हाई. कायदा मला बी कळतो. पण सुपारी फुटली. आता पुढं शिकवायचं का न्हाई ते त्यायच्या हातात.”

“मग ते काय म्हणाले?”

“म्हणले, शिकली तेवढी बास झाली. आता घरचं शिकवा.”

तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं. जाऊन कुणाला सांगावं असं नव्हतं. कुणावर जुलूम झाला नव्हता, कायदा मोडला नव्हता, पेढे ताजे होते. जे मार्क मी मिळवून दिले त्यांनीच तिची सोयरीक पक्की झाली होती. मी कॉलेजातल्या मॅडमना फोन करून जागा सोडायला सांगितलं.

त्यानंतर एकदाच गेले मी त्या वस्तीवर. तिची आई म्हशींना पाणी दाखवायला गेली होती, वडील बाहेर कुणाशी तरी फोनवर मोठमोठ्याने बोलत होते. मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि पाट ओढून बसले. तिने चहा ठेवला. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, त्यांची सवय अजून झालेली दिसत नव्हती, साखरेच्या डब्यात हात घालताना अडत होत्या. मी परभणीकडचं गाव कसं आहे विचारलं. तिने अजून बघितलं नव्हतं. पाहायला किती जण आले होते विचारलं. “जीप भरून आल्ते,” ती म्हणाली.

“आणि मुलगा कसाय गं?”

ती चहाकडे बघत होती. “म्हाईत न्हाई मॅडम.”

“म्हणजे? समोर बसला असेल ना?”

“समोरच बसला व्हता. मी वर बघितलंच न्हाई.”

मला वाटलं ती लाजली. मी तिच्याकडे नीट बघितलं. ती लाजली नव्हती.

“का गं?”

“बघितलं की मंग दिसतं मॅडम,” ती म्हणाली, आणि कपात चहा गाळायला लागली.